नोकरीतला अस्सलपणा आणि आपला बांध

डिसेंबर २०२५ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं. कामाची वेळ संपल्यावर आलेला फोन किंवा ईमेल न घेण्याचा हक्क नोकरदाराला असावा, असं त्याचं म्हणणं. ही बातमी वाचून कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतला एखादा सुपरवायझर हसला असेल, तर नवल नाही. त्याच्या शिफ्टचा व्हॉट्सॲप गट रात्री साडेदहालाही जागाच असतो.

त्याच माणसाला कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये मात्र वेगळंच ऐकवतात: 'मोकळे व्हा, जसे आहात तसे वागा, आपण सगळे एक कुटुंब.' एक म्हणतो दार लावून घ्या, दुसरा म्हणतो सगळं घर उघडं टाका. ऐकायचं कुणाचं?

दोन्ही एकदम जमतं. घोटाळा होतो तो खरं बोलणं आणि सगळं बोलणं एकच धरल्यामुळे.

नमुना आणि बांध

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो तेव्हा व्यापारी नमुना हातात घेतो, तुकडा मोडून बघतो आणि बोली लावतो. पोत्यात वर जे आहे तेच तळाला निघालं की त्या शेतकऱ्याच्या मालावर विश्वास बसतो. त्याच्या घरात काल काय शिजलं, भावाशी बोलणं आहे की नाही, हे सौद्यात कुणी विचारत नाही. कामाच्या ठिकाणचा अस्सलपणा एवढाच असतो. आपण जे बोलतो, जे करतो आणि मनातून ज्याला महत्त्व देतो, त्यांचा मेळ बसला पाहिजे. नमुना आणि माल एक असावा.

दुसरा शब्द सीमा. याला आपल्याकडे जुना शब्द आहे, बांध. बांध म्हणजे भिंत नव्हे. बांधावरून माणसं ये-जा करतात, शेजारी दुपारी तिथंच बसून भाकरी सोडतो. फक्त इथवर माझं आणि तिथून पुढं तुझं, हे दोघांनाही न सांगता ठाऊक असतं.

एक बारकावा इथंच सांगून टाकू, कारण बहुतेकांचं गाडं त्यावरच अडतं. सीमा आपल्या स्वतःच्या वागण्याची असते. 'मला रात्री मेसेज टाकायचा नाही' ही झाली मागणी. समोरच्यानं मानली तर चालते, नाही मानली तर भांडण. 'आठनंतर आलेला मेसेज मी सकाळी बघतो' ही सीमा. ती पाळायला दुसऱ्याची परवानगी लागत नाही.

मग कामावर हसरा चेहरा ठेवणं म्हणजे ढोंग का?

पतसंस्थेच्या काउंटरवरची मुलगी, मिरजेतल्या दवाखान्यात केसपेपर काढून देणारा माणूस, एसटीचा वाहक, या सगळ्यांना पगार मिळतो तो कामाचा आणि थोडा चेहऱ्याचाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉचशिल्ड यांनी विमानातल्या सेविकांचं काम पाहून १९८३ मध्ये याला नाव दिलं: भावनिक श्रम. म्हणजे नोकरीचा भाग म्हणून स्वतःच्या भावना सांभाळण्याची मेहनत.

ही मेहनत दोन तऱ्हांनी होते. आत संताप आणि ओठांवर हसू, ही एक तऱ्हा. दुसरीत माणूस समोरच्याची अडचण खरोखर मनात आणतो: 'हा ओरडतोय, पण याची आई आत आयसीयूत आहे.' मग आवाज आपोआप उतरतो. नंतरच्या अभ्यासांत वारंवार दिसलं की थकवा आणि कामाचा उबग यांचं नातं पहिल्या तऱ्हेशी जास्त घट्ट आहे. रोज आठ तास ज्याला वरवर हसावं लागतं, त्याला घरी गेल्यावर लेकराशी बोलायलाही जीव उरत नाही.

सांगलीकरांना हे समजावणं सोपं आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' रंगवलं तेव्हापासून हे गाव नाट्यपंढरी. रंगमंचावर राजा झालेला नट खोटारडा ठरत नाही, भूमिका मनापासून केली तर तो अस्सलच. पण त्याला रंगपट लागतो. मुकुट काढून ठेवायला, घाम पुसायला, दोन मिनिटं कुणीच नसायला. कामावर रंगपट नसेल तर तो करून घ्यावा लागतो. डबा काउंटरवर न खाता पंधरा मिनिटं पाठीमागे जाऊन खाणं, तापट गिऱ्हाईक गेल्यावर पुढचा टोकन पुकारण्याआधी पाणी पिऊन येणं, गाडी सुरू करण्याआधी पाच मिनिटं नुसतं बसणं. दिसायला किरकोळ, पण याच गोष्टी पहिल्यांदा सुटतात.

काय सांगायचं, काय नाही?

काही बाबतीत कामावर लपवाछपवी चालत नाही. हातून झालेली चूक, न जमणारं काम, हुकणारी तारीख, निर्णयाबद्दलचं वेगळं मत, आणि पैशाचा किंवा नात्याचा हितसंबंध. कर्जाचा अर्ज साडूचा असेल आणि मंजुरीच्या टेबलावर आपण असू, तर ते आधी सांगितलंच पाहिजे. इथं गप्प बसणं सीमेत मोडत नाही, तो गैरप्रकार झाला.

आजाराचा तपशील, लग्न, मूलबाळ, घरातली वाटणी, कर्ज, श्रद्धा, मतदान हे सगळं आपल्या मर्जीचं. सांगायचं असेल तर तोंड उघडण्याआधी मनात तीन प्रश्न घ्यावेत. हे न सांगितल्यानं काम अडतंय का? उद्या हे चार टेबलांवर पोचलं तर मला चालेल का? ऐकणारा याचं काही करू शकतो का, की नुसता वजन घेऊन जाणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर पहिल्याचं 'हो' असल्याशिवाय बोलू नये. आणि काम अडत असलं, तरी ते सुटण्यापुरतंच बोलावं.

यामागे एक साधं गणित आहे. खासगी माहितीवर माणसं जमिनीसारखीच मालकी मानतात, असं सॅन्ड्रा पेट्रोनिओ या संवादशास्त्राच्या अमेरिकी अभ्यासक सांगतात. आपण गुपित सांगितलं की ऐकणारा त्याचा सहमालक होतो. आपल्या भाषेत, सातबाऱ्यावर त्याचं नाव लागलं. लावणं सोपं, उतरवणं अवघड. म्हणून अट सांगण्यापूर्वी घालायची, सांगून झाल्यावर नव्हे. 'एक गोष्ट सांगायची आहे, पण घरी वहिनींनाही नको, चालेल का?' यावर समोरचा घुटमळला तर विषय तिथंच बदलता येतो. सगळं ओतून झाल्यावर 'कुणाला सांगू नका हं' म्हणणं म्हणजे फेरफार मंजूर झाल्यावर हरकत घेणं.

न सांगणं म्हणजे खोटं बोलणंच ना?

नाही. 'ते घरचं आहे, राहू द्या' हे पूर्ण खरं वाक्य आहे. खोटं वेगळं, आणि ते महागही पडतं. रजेसाठी 'पोट बिघडलंय' म्हणून सांगितलं की संध्याकाळी 'आता बरं आहे का?' याचं दुसरं खोटं तयार ठेवावं लागतं. त्याच दिवशी राजवाड्यावर कुणी पाहिलं तर तिसरं.

उपाय म्हणजे मोघम खरं. एखादा विचारतो कुठले, आपण म्हणतो साताऱ्याचे. घर नंबर कुणी देत नाही, तरी उत्तर खरंच असतं. तसंच 'तब्येतीचं कारण आहे, गुरुवारी येतो' एवढं पुरतं. निदान सांगायची गरज नाही. 'घरी एक काम आहे, वैयक्तिक आहे' हेही पुरतं. पुढं खोदून विचारलं तर तेच वाक्य, त्याच सुरात, पुन्हा. नवीन कारण जोडलं की समोरच्याला पकडायला नवीन टोक मिळतं.

मानसिक आजाराच्या बाबतीत तर हे जास्तच सांभाळावं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये रुग्णाच्या माहितीची गोपनीयता जपण्याचं बंधन आहे, पण ते उपचार करणाऱ्यांवर. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला तो कायदा लागू नाही. बोलायला माणूस हवा असेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही.

पण इथं तर सगळे एकमेकांना ओळखतात

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार. मोकळेपणाचे बहुतेक सल्ले अनोळखी माणसांच्या शहरांत जन्मलेले असतात. तिथं प्रश्न पडतो, सहकाऱ्याशी जवळीक वाढवावी कशी? कराड, विटा, तासगाव, वाई इकडे प्रश्न उलटा. साहेब आईचे मामेभाऊ, हाताखालचा मुलगा चुलत्याच्या शेजारचा, आणि हजर झाल्यावर पहिल्याच दिवशी 'गाव कुठलं? कुणाचा तू?' या दोन प्रश्नांत कुळापर्यंत माग काढून झालेला. (आडनाव आणि गाव विचारण्यात दर वेळी नुसती आपुलकी असते, असं समजण्याइतकं भोळं राहू नये. 'वाळव्याकडचे' म्हणून हसून कामाच्या विषयावर येणं हा त्यावरचा सभ्य मार्ग आहे.)

अशा ठिकाणी 'काहीच सांगायचं नाही' हे धोरण उलटतं. लहान गावात मोकळी जागा रिकामी राहत नाही, तर्क तिथं लगेच मुक्कामाला येतो. चार महिने ज्याच्या घरचं कुणाला काही कळलं नाही, त्याच्या घरचं सगळं गाव सांगू लागतं. त्यापेक्षा स्वतः निवडलेले दोन-तीन विषय मोकळ्या मनानं द्यावेत: बागेची छाटणी, मुलीची कबड्डी, कासच्या रस्त्यावरचं धावणं. हे विषय खरे हवेत आणि सांगताना आनंद व्हायला हवा, बस. ज्याच्याकडून मनापासून काही मिळतं, त्याच्या बाकीच्या गप्पपणाचा राग सहसा येत नाही.

नातं आणि नोकरी एकाच माणसाशी असेल तर हाक आणि जागा, या दोन्हींचा उपयोग करावा. कामावर 'साहेब', घरी 'मामा'. आणि हे मामांनाही एकदा सांगून टाकावं: 'मामा, तिथं मी तुम्हाला साहेबच म्हणणार, तुम्हीही मला चुकलो तर तसंच बोला.' कामावर घरचा विषय निघाला की 'मामा, हे रविवारी घरी बोलू,' आणि रविवारी जेवताना ऑफिसचा निघाला की 'साहेब, उद्या सकाळी बघतो.' हाक बदलली की भूमिका बदलल्याचं समोरच्याला न दुखावता कळतं.

बांध कोरला जातो कसा

शेतातला बांध कुणी एका रात्रीत फोडत नाही. दर नांगरटीला नांगराची रेघ चार बोटं आत येते आणि दहा वर्षांनी मोजणीदार बोलवायची वेळ येते. वेळेच्या सीमेचंही तसंच. पहिल्या दिवशी रात्री साडेनऊला 'उद्याच्या गाडीचा नंबर काय?' एवढाच मेसेज. उत्तर दोन शब्दांचं, म्हणून आपण देतो. महिन्यानं त्याच वेळी एक्सेल शीट मागितली जाते. समोरचा दुष्ट असतो असं नाही. आपण जागे असतो आणि उत्तर देतो, एवढंच तो शिकलेला असतो.

दुरुस्ती करायची तर आधी मोजणी. दोन आठवडे एका वहीत तीन रकाने ठेवा: किती वाजता, कशासाठी, सकाळपर्यंत थांबलं असतं का. नोंदी पाहिल्यावर बहुधा कळतं की खरी तातडीची कामं थोडीच असतात आणि त्रास देणारी वेळ किंवा माणूस एखादाच. मग एकच सीमा निवडा. एकदम पाच जाहीर करणारा माणूस आठवड्यात पाचही सोडतो.

ती सांगायची वेळ म्हणजे शांत दुपार. रात्री मेसेज आल्यावर चिडून सांगितलेलं भांडण वाटतं. वाक्यात तीन गोष्टी याव्यात: काय करणार, तातडीला काय सोय, आणि कामाची हमी. 'साहेब, आठनंतर मी फोन बाजूला ठेवतो. मशीन बंद पडलं, कुणाला लागलं किंवा पहाटेच्या गाडीचं काही असेल तर थेट फोन करा, उचलतो. बाकीचं सकाळी आल्या आल्या करून देतो.' आणि सकाळी आल्या आल्या खरोखर करून द्यायचं. इथं चुकलं तर सगळा डाव गेला. नमुना आणि माल जुळला पाहिजे तो इथंही.

व्हॉट्सॲपचं थोडं तांत्रिक. गट ८ तास, १ आठवडा किंवा कायमचा म्यूट करता येतो. निळ्या टिकल्या बंद केल्या तरी त्या फक्त वैयक्तिक संभाषणात बंद होतात. गटात तुम्ही मेसेज वाचल्याचं दिसतंच. तेव्हा रात्री गट उघडायचाच नाही. स्टेटस कुणाला दिसावं हे ठरवताना काही संपर्क वगळण्याची सोय आहे. महाबळेश्वरचे फोटो टाकून सोमवारी 'आजारी होतो' म्हणणाऱ्यांना मात्र कुठलंही सेटिंग वाचवत नाही.

सगळ्यांत जास्त माणसं कुठं घसरतात? पाचव्या वेळी. चार रात्री उत्तर न देता पाचव्या रात्री कंटाळून दिलं, की समोरच्याला धडा मिळतो की पाच वेळा टोकलं की होतं. कधीमधी मिळणारं बक्षीस सवय सुटू देत नाही, हे मानसशास्त्रातलं जुनं निरीक्षण आहे. म्हणून झेपेल तीच सीमा घ्या. आठ जमत नसेल तर साडेनऊ घ्या, पण मग साडेनऊच.

साहेबांना नाही म्हटलं तर नोकरी जाईल

जाऊ शकते. कंत्राटी कामगार, परिविक्षेवरचा (प्रोबेशनवरचा) शिक्षक, एकट्याच्या पगारावर घर चालवणारी बाई यांना सीमेची किंमत जास्त पडते. हे न सांगता दिलेला सल्ला फसवा असतो.

म्हणून सुरुवात फुकटच्या सीमांपासून करावी. माहिती न देण्याला पैसे लागत नाहीत. पगार, लग्न, वाटणी यांवर मोघम राहणं आजही जमतं. वेळेच्या बाबतीत 'नाही' ऐवजी क्रम विचारावा: 'मॅडम, आज ऑडिटची यादी करायची ठरली होती. हे नवीन आधी घेऊ का? मग यादी उद्या दुपारी होईल.' निर्णय मॅडमचा, पण किंमत त्यांच्यासमोर आली. तोंडी ठरलेलं संध्याकाळी एका ओळीत लिहून पाठवावं.

आणि एक गोष्ट सीमेच्या खात्यात टाकूच नये. नको असलेला स्पर्श, अश्लील बोलणं, रात्रीचे आडून-आडून मेसेज यावर बाईला 'सीमा आखून घ्या' म्हणणं चूक आहे. त्यासाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती सक्तीची आहे. त्याहून लहान जागा असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची.

'मी असाच आहे, मनात एक ओठांवर एक जमत नाही'

प्रत्येक कचेरीत असा एक फटकळ असतो आणि तो स्वतःला अस्सल समजतो. मनात आलेलं तसंच ओकणं याला अस्सलपणा म्हणत नाहीत. त्याला कामाचा दर्जा खरंच महत्त्वाचा असता, तर समोरचा सुधारेल अशा रीतीनं तो बोलला असता. 'तुला अक्कल नाही' यातून हिशेब सुधारत नाही. 'तिसऱ्या रकान्याची बेरीज दोनदा धरली आहे, परत बघ' यातून सुधारतो. खरेपणा दोन्हींत सारखाच आहे. दुसरं वाक्य एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं तर आणखी बरं.

आणि तुम्हीच साहेब असाल तर

'मनातलं बोला' असं मीटिंगमध्ये सांगून कुणी बोलत नाही. पहिली वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसाचं पुढं काय झालं, हे सगळे टिपून ठेवतात. चूक कबूल केली, शंका विचारली म्हणून इथं आपली फजिती होणार नाही, या विश्वासावर अमेरिकी अभ्यासक एमी एडमंडसन यांचा १९९९ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. तो विश्वास माणसांच्या घरच्या गोष्टी काढून घेऊन येत नाही. 'हा आकडा माझ्याकडून चुकला' हे साहेबांनी आधी म्हणावं लागतं. रात्री अकराला काही सुचलं तर लिहून ठेवावं. ईमेल सकाळची वेळ लावून पाठवता येतो.

कामानंतर फोन न घेण्याचा कायदा होईल का?

त्यावर विसंबू नये. मंत्री नसलेल्या खासदारानं मांडलेलं ते खासगी विधेयक, आणि स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा होऊ शकली, शेवटचं १९७० मध्ये. सुळे यांनी याच विषयावर आधीही एकदा विधेयक आणलं होतं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना या हक्कावर कामगारांशी वाटाघाट करावी लागते. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाबाहेरच्या वेळेत उत्तर नाकारता येतं, नकार अवाजवी नसेल तर. तिथंही 'वाजवी काय' हे शेवटी माणसांनाच ठरवावं लागतं.

हंगामाचं काय?

साखर कारखान्याचा गाळप हंगाम, द्राक्षाची काढणी, पतसंस्थेचा मार्चअखेर. या दिवसांत आठची सीमा पाळणं बहुतेकांना शक्य नसतं आणि तो हट्ट धरूही नये. बांध हलवायचा तर तारखेसकट हलवावा: 'मार्चअखेरपर्यंत मी रात्री दहापर्यंत आहे.' शेवटची तारीख न बोलता दिलेली सवलत पुढच्या वर्षी वहिवाट होते. आणि १ एप्रिलला, कुणी विचारायच्या आत, गटावर एक ओळ टाकावी: 'आजपासून पुन्हा आठपर्यंत. तातडीचं असेल तर फोन.'